चादरीचं दुसरं टोक

मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. झटकायची, ताणायची, चार पावलं पुढे जायचं, टोकाला टोक भिडवायचं, पुन्हा मागे यायचं. सहा वर्षं आम्ही दोघी दिवसभर हेच करत आलो आहोत. नवरा-बायको एकमेकांच्या तोंडाकडे बघत नसतील इतकं चादरीच्या जोडीदारणींना एकमेकींकडे बघावं लागतं. म्हणून तिचे हात कापायला लागले आहेत हे तिच्या लेकीच्या आधी आणि डॉक्टरांच्याही आधी मला कळलं. दिसलं नाही, चादरीतून कळलं. ताणलेल्या कापडातून बारीक थरथर माझ्या मुठीपर्यंत आली आणि मला वाटलं, मशीनचं कंपन असेल. मशीन बंद होतं.

आमच्या लॉन्ड्रीत तिला सगळ्याजणी घडीताई म्हणतात. तिच्या घडीत कडेवर कड अशी बसते की वरून बोट फिरवलं तरी अडखळत नाही. माझ्या बाजूने अर्धं बोट सरकलं तर ती बोलत काही नाही, फक्त सगळी चादर पुन्हा उलगडते. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या. मी वयाने लहान, म्हणून मला ती धाकटी म्हणते. मलाही आता दोन मुलं आहेत, पण तिचं धाकटी काही सुटत नाही.

आमची इस्त्रीची खोली म्हणजे पत्र्याखालचं एक लांब दालन. मधोमध रुळाचं मशीन. ओली चादर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने कडक होऊन वाफ सोडत बाहेर येते. खिडक्या उघडायच्या नाहीत, कारण पांढऱ्यावर धूळ बसते. उन्हाळ्यात दुपारी दोनला तिथे काय होतं ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. चादरी येतात दोन हॉटेलांच्या आणि एका खाजगी रुग्णालयाच्या. ते रुग्णालय बागेत आहे म्हणे. पैसेवाली माणसं मन थकलं की तिथे महिना महिना राहायला जातात. त्यांचे झगेसुद्धा आमच्याकडेच येतात, मऊ, खिसे असलेले.

त्या खोलीत पाणी न्यायचं नाही, हा नियम. फार वर्षांपूर्वी कुणाचा तरी चहा चाळीस चादरींवर सांडला होता. ती बाई गेली, चादरीही गेल्या, नियम तेवढा राहिला. पाण्याचा नळ अंगणात आणि संडास त्याच्याही पलीकडे. त्याची किल्ली मुकादमीणबाईंकडे, हातभर फळीला बांधलेली, म्हणजे कुणी जाताना सगळ्या जगाला दिसावं. एका पाळीत दोनदा मिळायची. म्हणून आम्ही सगळ्यांनी फार शहाणपणाचा एक उपाय काढला होता: पाणीच प्यायचं नाही. सकाळी घरून निघताना घोटभर, मग एकदम जेवणाच्या सुट्टीत. नवी बाई आली की तिला घडी नंतर शिकवायची, हे आधी.

दुसरा शहाणपणा म्हणजे साखरडबा. पत्र्याचा एक डबा, त्यात कंबरदुखीच्या गोळ्या. कंबर, खांदे, मनगटं दुखणार हे ठरलेलंच, मग दुखण्याची वाट कशाला बघायची? कामाची पाळी सुरू होताना प्रत्येकीने एक गोळी तोंडात टाकायची, साखर खाल्ल्यासारखी. एकेका आठवड्याला एकेकीने डबा भरायचा. मुकादमीणबाई ओरडत नसत. त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेले, त्या दोन घ्यायच्या.

घडीताईची आणखी एक गोळी होती. ती तिने मला दुसऱ्या वर्षी सांगितली, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता, बसची वेळ सांगावी तितक्या सहज. "माझं डोकं वर चढतं आणि मग खाली पडतं," ती म्हणाली. आठ वर्षांपूर्वी ते चढलं तेव्हा आठवड्याभरात तिने घरातली भांडी, पांघरुणं, मुलीची खेळणीसुद्धा शेजारीपाजारी वाटून टाकली, आणि वाटताना गात होती. मग उतरलं, तशी चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नवरा त्याच्या आदल्या वर्षीच वारला होता. तीन वर्षांच्या मुलीला दीर आणि जाऊ घेऊन गेले. मोफत दवाखान्यात तिला ती गोळी सुरू झाली आणि हळूहळू ती माणसांत आली. दोन वर्षांनी दिराने मुलगी परत आणून दिली, अट घालून. गोळी चुकता कामा नये आणि काम सुटता कामा नये. दोन्हींतलं एक जरी सुटलं, तरी मुलगी पुन्हा त्यांच्याकडे.

"वाईट माणूस नाही तो," घडीताई म्हणाली होती. "त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं." मला मात्र तिच्या दिराचा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

तर त्या उन्हाळ्यात तिचे हात कापायला लागले. आधी बारीक, मग चांगलेच. जेवणाच्या डब्याचं झाकण निघेना. एकदा तिला उलटी झाली, एकदा चालताना झोक गेला. मी म्हटलं ऊन लागलं असेल. मग एका सकाळी घडी घातलेल्या चादरींचा गठ्ठा तिच्या हातून थेट ओल्या फरशीवर पडला. वीस चादरी पुन्हा धुवायला. मुकादमीणबाई आल्या, गठ्ठ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"तोंड उघड," त्या म्हणाल्या.

सगळ्यांच्या देखत तिने तोंड उघडलं. बाईंनी वाकून वास घेतला. दारूचा वास आला असता तर त्यांना बरं वाटलं असतं, निदान काय ते कळलं असतं. वास नव्हता.

"मग काय घेतेस तू?"

घडीताईने तोंड मिटलं. मला ठाऊक होतं, पण मीही तोंड उघडलं नाही. मला माझी नोकरी दिसत होती.

"आठवडा देते," मुकादमीणबाई म्हणाल्या. "हात सरळ झाले तर ठीक. नाहीतर मालकांना सांगावं लागेल. कापणारा हात मला रुळाजवळ नको. उद्या बोटं आत गेली तर कोण निस्तरणार?" हे काही खोटं नव्हतं, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

दुपारपर्यंत कुजबुज सगळ्या दालनात फिरली. ती डोक्याच्या गोळ्या खाते, हे कसं कुणास ठाऊक फुटलं. मी सांगितलं नव्हतं. माझ्याकडे मात्र सगळ्या अशा बघत होत्या की आता पुढचं मीच सांगणार. एकीने विचारलं, "अगं, तुला भीती नाही वाटत, समोर उभी राहायची?" मी म्हटलं, "तुझ्यासमोर उभी राहायला जास्त वाटते."

संध्याकाळी नळावर मी घडीताईला अक्कल शिकवली. म्हटलं, "ताई, आठवडाभर ती गोळी सोडून बघ. हात थांबतील. आठवडा निघून जाईल, मग परत घे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

ती तोंडावर पाणी मारत होती. थांबली. "सोडल्यावर पहिला आठवडा मी फार छान असते, धाकटे. इतकी छान की तुझ्या घरची धुणीभांडीही करून देईन. मग मुलीचं दप्तर कुणाला तरी देऊन टाकेन." तोंड पुसून ती पुढे म्हणाली, "गोळी सोडायची नाही. काम सोडायचं नाही. यातलं एक सोडून काय करता येईल ते मला सांगू नकोस. दोन्ही ठेवून काय करता येईल ते सांग."

मग मी तिच्यासाठी जमलं ते केलं. दुसऱ्या दिवशी साखरडब्यातून एकाऐवजी दोन गोळ्या काढून तिच्या हातावर ठेवल्या. वाटलं, स्नायू आखडले असतील, म्हणून कापत असतील. तिने त्या कोरड्याच गिळल्या. त्याच्या पुढच्या दिवशीही मी दोन दिल्या.

तिसऱ्या दिवशी बागेतल्या रुग्णालयाची गाठोडी आली. झग्यांचे खिसे तपासायचे असतात. रुमाल, चष्मे, कंगवे, काय काय निघतं. सापडलेलं सगळं दाराजवळच्या पेटीत टाकायचं, जवळ ठेवलं तर चोरी. घडीताईने एका झग्याच्या खिशातून एक कागद काढला. गुळगुळीत, रंगीत, चार घड्यांचा. "घडी चुकीची घातलीय," ती आधी म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. वर मोठ्या अक्षरांत तिच्याच गोळीचं नाव होतं. रोज सकाळी पाकिटावर ती ते बघायची, अक्षरन् अक्षर ओळखीचं होतं.

"धाकटे, इकडे ये. वाच."

गाठोड्यांच्या ढिगामागे उभं राहून मी वाचलं. भराभर वाचायला मला जमतं, तिला अडखळायला होतं. ही गोळी घेणाऱ्याने दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायलाच हवं. घाम फार येत असेल, उलट्या-जुलाब होत असतील, तर गोळीचं प्रमाण रक्तात वाढतं आणि विषासारखं होऊ शकतं. अंगदुखीच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. हात जास्त कापू लागले, उलटी झाली, तोल जाऊ लागला, तर थांबू नका. खाली फोन नंबर होता, दिवसरात्र केव्हाही करा म्हणून.

अंगदुखीच्या गोळ्यांची ओळ मी पुन्हा वाचली. दोन दिवस दोन दोन गोळ्या कोणी दिल्या होत्या?

ती माझ्याकडे बघत नव्हती. कागदाकडे बघत होती. "त्या झग्यातली बाई आणि मी, एकच गोळी खातो," ती म्हणाली. "तिच्या गोळीबरोबर कागद येतो. माझ्या गोळीबरोबर रबर येतं." दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्यांची पाकिटं रबर लावून मिळतात, ते खरंच होतं. रबरं ती मुलीच्या वेणीला वापरायची.

मी गाठोड्याच्या चिठ्ठीमागे सगळं उतरवून घेतलं. तिने तो कागद नीट, कडेवर कड बसवून घडी घातला आणि पेटीत टाकला. मग सरळ मुकादमीणबाईंकडे जाऊन उद्याची सुट्टी मागितली. मीही मागितली. बाई म्हणाल्या, "दोघी?" मी म्हटलं, "चादर एकटीला घडी घालता येत नाही, बाई." त्यांना हसू आलं नाही, पण सुट्टी दिली.

मोफत दवाखान्यात सकाळी सातला रांग लागते. लाकडी बाकांवर आम्ही सरकत सरकत साडेअकराला दारापाशी पोचलो. आत तरुण डॉक्टर, डोळ्यांखाली काळं, टेबलावर कागदांचा ढीग. त्यांनी मान वर न करता विचारलं, "झोप लागते ना? गोळ्या वेळेवर?" तिने हात टेबलावर ठेवले. टेबलावरचा पेन हलायला लागला, तेव्हा त्यांनी मान वर केली.

त्यानंतर मात्र सगळं भराभर झालं. लगेच रक्त घेतलं, सलाईन लावली, गोळी दोन दिवस बंद. रक्ताचा निकाल आल्यावर डॉक्टर तिच्या खाटेपाशी आले ते चिडूनच. "प्रमाण केवढं वाढलंय बघा. आणखी चार दिवस गेले असते तर काय झालं असतं? दर वेळी सांगतो की नाही मी, पाणी भरपूर प्या म्हणून? पालथ्या घड्यावर पाणी."

"सांगता," ती म्हणाली. "पण तुम्ही ते सगळ्यांनाच सांगता. सर्दीवालीलाही सांगता. मला वाटलं, काळजी घ्या म्हणतात तसंच ते. आता कळलं की ते औषध होतं. तर मला सांगा डॉक्टर, कुठे पिऊ?"

"कुठे म्हणजे?"

मग तिने सांगितलं. रूळ, वाफ, बंद खिडक्या, अंगणातला नळ, फळीला बांधलेली किल्ली, साखरडबा. आवाज चढवला नाही, घाईही केली नाही. दालनात कुठे काय आहे ते सलाईनचा हात न हलवता दुसऱ्या हाताने चादरीवर काढून दाखवलं. साखरडब्याचं आलं तेव्हा मी मध्येच म्हणाले, "दोन दोन मी दिल्या. माझी चूक आहे." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे.

"तुम्ही लॉन्ड्रीत काम करता हे इथे लिहिलेलंच नाही," ते म्हणाले. "इथे गृहिणी लिहिलंय."

"कुणी विचारलं नाही. बाई दिसली की लिहीत असतील."

डॉक्टर स्टूल ओढून बसले. सकाळपासून पहिल्यांदाच नीट बसल्यासारखे बसले. बाहेर अजून निम्मी रांग होती, ती मला दिसत होती आणि त्यांनाही. तरी बसले. माझ्या मनात त्यांच्यासाठी जे साठलं होतं, त्यातलं थोडं तिथे कमी झालं.

"मला एक कागद द्या," घडीताई म्हणाली. "गोळी लिहिता तसं पाणी लिहा. दर तासाला एक ग्लास. संडासला लागेल तेव्हा. कंबरेच्या गोळ्या बंद. खाली सही, शिक्का."

ते लिहायला लागले. मधेच पेन थांबला. जरा हळू आवाजात म्हणाले, "कारण काय लिहू? मूत्रपिंडाचा त्रास लिहितो. उगाच कामावर चर्चा नको. लोक कसे असतात तुम्हाला माहीत आहे."

ते चांगल्या मनाने म्हणाले होते. मीही मान डोलावली. मूत्रपिंडाला कुणी हसत नाही. घडीताई मात्र सलाईनचे थेंब पडताना बघत राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. दीर, जाऊ, मुलीच्या शाळेतल्या बायका, सगळे त्या खाटेभोवती उभे होते.

"नको," ती म्हणाली. "जे आहे तेच लिहा. खोटं लिहिलं, तर पुढच्या वेळी हात कापले की बाई परत तोंड उघडायला लावतील. मी आता तोंड उघडणार नाही."

घरी येताना मला वाटलं, ती माझ्यावर रागावली. कोपऱ्यावर निरोप घेताना म्हणाली, "तो डबा मीही भरलाय की माझ्या पाळीला." तेवढंच. घरी गेल्यावर मी भांडी घासता घासता रडले.

दवाखान्यात गेल्याच्या चौथ्या दिवशी, वाढवून घेतलेल्या सुट्टीनंतर, ती कामावर आली. मशीन सुरू व्हायच्या आधी, सगळ्या जमलेल्या असताना, तिने कागद मुकादमीणबाईंच्या हातात दिला. बाईंनी वाचला. पुन्हा वाचला. मग कागद उलटा धरून आवाज खाली आणला.

"हे मी मालकांना दाखवू? मानसिक आजार असं सरळ लिहिलेलं?"

"दाखवा. त्यासाठीच लिहून घेतलंय."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणून झालंय त्यांचं," घडीताई म्हणाली. "माझ्या तोंडाचा वास घेतलात, त्याच दिवशी."

बाईंनी कागद घडी घालून खिशात ठेवला. साखरडब्याकडे गेलेला हात त्यांनी मधेच मागे घेतला. तो का घेतला ते मला माहीत नाही, मी फक्त बघितलं.

मालकांचं उत्तर यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत घडीताई दर तासाला चादर खाली ठेवायची, न विचारता अंगणात जायची, नळाला तोंड लावून पाणी प्यायची आणि परत येऊन टोक उचलायची. कुणी अडवलं नाही. अडवायला तिच्याकडे बघावं लागलं असतं. संध्याकाळी तिने दिराला स्वतः फोन करून सगळं सांगितलं, कुणाकडून तरी कळण्याआधी. तो म्हणाला, "महिनाभर बघतो." ती म्हणाली, "बघा." मुलगी तिथेच बसून अभ्यास करत होती.

तिसऱ्या दिवशी मुकादमीणबाईंनी दाराजवळ, पांढऱ्या कपड्यांपासून लांब, एक स्टूल ठेवलं. त्यावर झाकणाचा जग आणि एक ग्लास. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हे फक्त हिच्यासाठी. दवाखान्याचा कागद आहे म्हणून. बाकी कुणी हात लावायचा नाही." किल्लीही फळीसकट तिच्या बाजूच्या खिळ्याला अडकवली.

मशीन सुरू झालं. पहिली चादर आली. आम्ही ताणली. थरथर अजून होती, पण बारीक, जुन्या ओळखीची. तेवढी राहील असं डॉक्टर म्हणालेच होते, आणि तेवढ्यासकट घडी बसते. तासाभराने तिने चादर ठेवली, स्टुलापाशी गेली, ग्लास भरला, सावकाश प्यायली. मग पुन्हा भरला आणि तो घेऊन माझ्यासमोर आली.

"कागद तिचा आहे," मुकादमीणबाई मागून म्हणाल्या.

"कागद माझा आहे, बाई. चादर दोघींची आहे," घडीताई म्हणाली. "हिला भोवळ आली तर मी माझं टोक कुणाच्या टोकाला लावू?"

दालनात फक्त रूळ फिरत होता. सगळ्या बघत होत्या, ग्लासाकडे. मला वाटलं, बाई आता पुढे येतील. त्या जागच्या हलल्या नाहीत.

तिचा हात माझ्यासमोर होता, जरासा कापत, आणि पाण्याचा एक थेंबही बाहेर सांडला नव्हता. या हातावर मी दोन दिवस न विचारता विष ठेवलं होतं. मी ग्लास घेतला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत उभी राहून पाणी प्यायले, सगळं. रिकामा ग्लास तिने माझ्याकडून घेतला, पुन्हा भरला आणि पलीकडच्या जोडीकडे चालू लागली.